उर्वरित लसमात्रा : न्याय्य विनियोगाचा इतिहास

लसीकरणाचे सत्र संपल्यानंतर उघडलेल्या कुपीत शिल्लक राहणाऱ्या, कुपीत मुळातच थोडी जादा भरलेली असल्यामुळे हाती येणाऱ्या आणि वापराची मुदत संपत आल्यामुळे तातडीने संपवाव्या लागणाऱ्या लसीच्या मात्रांना ‘उर्वरित लसमात्रा’ असे म्हणता येईल. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे या मात्रा साठवून ठेवता येत नाहीत. ठरावीक काळात त्या कोणाला तरी टोचल्या गेल्या पाहिजेत, अन्यथा फेकून द्याव्या लागतात. यातूनच एक व्यावहारिक आणि नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्यांचा क्रम ठरलेला आहे, ते त्या वेळी उपस्थित नसतील, तर ती मात्रा कोणास द्यावी? क्रम मोडून ती समोर असलेल्या माणसास देणे अन्यायाचे, की क्रम पाळण्यासाठी ती वाया घालविणे अधिक अन्यायाचे? लसीचा पुरवठा मुबलक असतो, तेव्हा हा प्रश्न केवळ हिशेबाचा असतो. परंतु लस अपुरी असते आणि रोग प्राणघातक असतो, तेव्हा एका कुपीच्या तळाशी उरलेल्या थेंबांनाही मोठे मोल येते. या प्रश्नाचे स्वरूप लसनिर्मितीच्या तंत्राबरोबर कसे बदलत गेले आणि त्यावर वेळोवेळी कोणते उपाय योजण्यात आले, याचा आढावा येथे घेतला आहे.

बाहूतून बाहूत लस : देवीप्रतिबंधक लसीच्या प्रारंभीच्या काळात उर्वरित मात्रा ही कल्पनाच नव्हती. एडवर्ड जेन्नर (१७४९–१८२३) यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीच्या फोडातील लस एका मुलाला टोचली व १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही लस दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवून पाठविता येई. परंतु लांबच्या, विशेषतः उष्ण प्रदेशातील प्रवासात ती बहुधा निकामी होई. त्यामुळे एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव काढून तो दुसऱ्याच्या दंडावर टोचण्याची पद्धत रूढ झाली. मानवी शरीर हीच जणू लसीची कुपी ठरली. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनमधील ला कोरुन्या बंदरातून निघालेल्या फ्रान्सिस्को हाव्हिएर दे बाल्मिस यांच्या मोहिमेत २२ अनाथ मुलगे याच कामासाठी नेण्यात आले होते. प्रवासात ठरावीक दिवसांच्या अंतराने त्यांना क्रमाने लस टोचून ती अमेरिका खंडापर्यंत जिवंत ठेवण्यात आली. हिंदुस्थानात ही लस बगदाद व बसरा या मार्गाने आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर तिची टोचणी यशस्वी झाली. तिच्या दंडावरील फोडातून मिळालेली लस पुढे मुंबईतील इतर मुलांना व तेथून देशाच्या अन्य भागांत पोहोचली.

या पद्धतीत लस उरत नसे. उलट तिची साखळी तुटण्याचीच सतत भीती असे. तथापि न्यायाचा प्रश्न तेथेही होताच, फक्त त्याचे रूप वेगळे होते. ज्याच्या शरीरातून लस काढावयाची, तो बहुधा गरीब घरचे किंवा अनाथालयातील मूल असे. या पद्धतीतून उपदंशासारखे रोगही एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जात. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढविण्यात येऊ लागली. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये सिडनी माँक्टन कोपमन यांनी ग्लिसरिनामुळे लसीतील इतर जंतू कमी होतात व ती अधिक काळ टिकते, असे दाखवून दिले. १८९८ च्या कायद्याने बाहूतून बाहूत लस देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये बंद झाली. लस शरीराबाहेर साठविता येऊ लागली आणि तेव्हापासूनच ‘किती काढली, किती वापरली व किती उरली’ हा हिशेब सुरू झाला. [⟶ देवी].

बहुमात्रा कुपी व तिचे धोके : एकाच कुपीत अनेकांना पुरेल इतकी लस भरणे स्वस्त पडते. तिला शीतगृहात जागा कमी लागते आणि वाहतूकही सुलभ होते. तथापि अशा कुपीचे बूच एकदा उघडले की, तीत बाहेरील जंतूंचा शिरकाव होण्याचा धोका उत्पन्न होतो. उरलेली लस दुसऱ्या दिवशी वापरू नये, हा नियम केवळ काटेकोरपणापोटी आलेला नाही. त्यामागे दोन दुर्घटनांचा इतिहास आहे.

पहिली घटना भारतातील असून तिचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. वॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १८९७ पासून मोठ्या प्रमाणावर वापरात आली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच कुपीतून लस मिळालेले १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. प्रारंभी दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदापासून दूर व्हावे लागले. कुपी उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो ज्योतीत न धरता केवळ सौम्य कार्बॉलिक द्रावात बुडवून पुन्हा वापरण्यात आला होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. रोनाल्ड रॉस व इतर वैज्ञानिकांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. मुंबईतील परळ येथील त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातल्या बंडाबर्ग येथे जानेवारी १९२८ मध्ये घडली. घटसर्पप्रतिबंधक मिश्रणाची एक कुपी अनेक दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा वापरण्यात आली. तीत परिरक्षक द्रव्य नव्हते. अखेरच्या सत्रात टोचणी झालेल्या २१ मुलांपैकी १२ मुले दगावली. कुपीत पुंजगोलाणूंची वाढ झाली होती, असे चौकशीत आढळून आले. अनेकदा वापरावयाच्या कुपीत जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य असलेच पाहिजे, अशी शिफारस चौकशी आयोगाने केली. पुढे थायोमर्सालसारखी परिरक्षके अशा कुप्यांत सर्रास वापरली जाऊ लागली.

मात्र सर्वच लसींत परिरक्षक घालता येत नाही. गोवर किंवा क्षयाची बीसीजी लस यांत जिवंत परंतु निर्बल केलेले सूक्ष्मजीव असतात व परिरक्षकामुळे त्यांचाच नाश होण्याचा संभव असतो. कोरड्या भुकटीच्या रूपातील अशा लसी द्रावकात मिसळल्यानंतर काही तासांतच वापराव्या लागतात. म्हणजे सुरक्षितता व काटकसर यांत येथे उघड विरोध आहे. उरलेल्या लसीचा न्याय्य विनियोग कसा करावा, याचा विचार या मर्यादेच्या आतच करावा लागतो. मुदत संपलेली मात्रा ‘वाया जाऊ नये’ म्हणून एखाद्या गरिबास देणे, हे औदार्य नसून त्याच्यावर अन्याय करणे होय.

थोड्या लसीत अधिक माणसे : उरलेल्या लसीचा प्रश्न सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे मुळात ती उरूच न देणे. देवीच्या निर्मूलनात याचे उत्तम उदाहरण मिळते. लेस्ली कॉल्यर यांनी १९५० नंतरच्या काळात लिस्टर संस्थेत गोठण-शुष्कनाची पद्धत सुधारली. त्यामुळे उष्ण प्रदेशातही देवीची लस दीर्घकाळ टिकू लागली. १९६० नंतरच्या दशकात बेंजामिन रूबिन यांनी दुभंगलेल्या टोकाची सुई तयार केली. या सुईच्या दोन टोकांमध्ये लसीचा अगदी लहान थेंब धरला जाई. पूर्वी जेवढी लस लागे तिच्या सुमारे चतुर्थांश लसीत काम होऊ लागले आणि २५ जणांच्या कुपीत १०० जणांना लस देता येऊ लागली. ही सुई उकळून पुन्हा वापरता येई आणि ती चालविण्यास अल्प प्रशिक्षण पुरे. एका साध्या साधनाने लसीची टंचाई जितकी कमी झाली, तितकी ती कोणत्याही वाटपाच्या नियमाने झाली नसती.

याच धर्तीवर २०१६ मध्ये काँगो प्रजासत्ताकाच्या (लोकशाही) किन्शासा या राजधानीत पीतज्वराच्या लसीचा पूर्ण मात्रेच्या एकपंचमांश भाग देऊन लक्षावधी लोकांना संरक्षण देण्यात आले. तथापि मात्रा कमी करण्याचा निर्णय तज्ञांनी पुराव्याच्या आधारे आणि सर्वांसाठी सारखाच घ्यावयाचा असतो. दवाखान्यातील कर्मचाऱ्याने उरलेले थेंब दोन कुप्यांतून एकत्र करून मात्रा बनविणे सर्वथा निषिद्ध मानले जाते.

उघड्या कुपीचे धोरण : जागतिक आरोग्य संघटनेचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७४ मध्ये व भारताचा १९७८ मध्ये सुरू झाला. भारतात १९८५ पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप आले. प्रारंभी उघडलेली प्रत्येक कुपी सत्र संपताच टाकून देण्याचा दंडक होता. एखाद्या दुर्गम वस्तीत दहा मात्रांची कुपी उघडावी आणि तीनच बालके यावीत, तर सात मात्रा म्हणजे शेकडा ७० भाग वाया जाई. जगभरात पुरविल्या जाणाऱ्या लसींपैकी निम्म्याहून अधिक लस वाया जाते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता.

या संघटनेने १९९५ मध्ये उघड्या कुपीसंबंधीचे धोरण जाहीर केले व २००० आणि २०१४ मध्ये त्यात सुधारणा केल्या. पोलिओ, त्रिगुणी, धनुर्वात, ब प्रकारचा यकृतशोथ यांसारख्या लसींच्या उघडलेल्या कुप्या योग्य तापमानात ठेवल्या, मुदत उलटलेली नसली आणि निर्जंतुकतेची काळजी घेतली, तर २८ दिवसांपर्यंत पुढील सत्रांत वापरण्यास त्यानुसार मुभा मिळाली. भारतानेही २०१३ पासून असे धोरण स्वीकारले. गोवर, बीसीजी व जपानी मस्तिष्कशोथ यांच्या द्रावकात मिसळलेल्या लसींना मात्र ते लागू नाही. भारतात त्या चार तासांत वापरून उरलेला भाग नष्ट करतात.

या धोरणाच्या चर्चेत एक महत्त्वाचे तत्त्व पुढे आले. लस वाया जाण्याची भीती वाढली की, कर्मचारी एका बालकासाठी कुपी उघडण्यास कचरतो आणि मातेला ‘पुढील बुधवारी या’ असे सांगून परत पाठवितो. मजुरीचा दिवस बुडवून दूरवरून आलेली माता पुन्हा येईलच, असे नसते. त्या बालकाला पुढे गोवर झाला, तर वाचविलेल्या नऊ मात्रांची किंमत त्याने मोजलेली असते. म्हणूनच एका बालकासाठीही गोवराची कुपी उघडावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लसीची नासाडी टाळणे हे साधन आहे. माणसाचे रक्षण हे साध्य आहे. साधनाला साध्याचे स्थान मिळाले की, आकडे सुधारतात आणि बालके मागे राहतात.

इन्फ्ल्यूएंझाच्या लसीची टंचाई (२००४–०५) : ऑक्टोबर २००४ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील एका कारखान्याचा परवाना स्थगित झाल्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना अपेक्षित असलेली जवळजवळ निम्मी इन्फ्ल्यूएंझा लस मिळू शकली नाही. वृद्ध, दीर्घकालीन रुग्ण, लहान बालके व आरोग्यसेवक यांनाच लस द्यावी, असे आदेश निघाले. निरोगी नागरिकांनी स्वखुशीने माघार घेतली. काही ठिकाणी सोडत काढून लस देण्यात आली. परंतु रांगा व टंचाईच्या बातम्या यांमुळे ज्यांना लस हवी होती, अशा अनेक वृद्धांनीही प्रयत्न सोडून दिले. जानेवारी २००५ मध्ये निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आले. पण तोवर लोकांची मागणी ओसरली होती. ऋतूच्या अखेरीस टंचाई असलेल्याच देशात लस शिल्लक राहिली. प्राधान्यक्रम योग्य असला, तरी तो केव्हा व कसा सैल करावयाचा हे आधी ठरलेले नसेल, तर न्यायाच्या नावाखाली नासाडी होते, हा धडा या घटनेने दिला.

कोविड-१९ ची साथ : उर्वरित मात्रांचा प्रश्न खऱ्या अर्थाने लोकांच्या चर्चेत आला, तो डिसेंबर २०२० नंतर. या काळात उपलब्ध झालेल्या अनेक लसी बहुमात्रा कुप्यांत होत्या व त्यांपैकी बहुतेकींत परिरक्षक नसल्याने कुपी उघडल्यावर वेळ थोडा उरे. फायझर कंपनीची लस पातळ केल्यावर सहा तासांत, मॉडर्ना कंपनीची लस प्रारंभीच्या नियमानुसार सहा तासांत आणि भारतातील कोविशील्ड चार तासांत वापरावी लागे. सायंकाळी नोंदणी केलेली दोन माणसे आली नाहीत, की उघडलेल्या कुपीतील मात्रा कोणास द्यावी, हा पेच जगातील सहस्रावधी केंद्रांवर एकाच वेळी उभा राहिला.

प्रारंभीच फायझरच्या कुपीत पाच मात्रांऐवजी सहा निघतात, असे ध्यानात आले. पातळ केल्यानंतर कुपीत सु. २·२५ मिलि. द्रव असे व एक मात्रा ०·३ मिलि. होती. सुईत व नळीत कमी द्रव अडकणारी पिचकारी वापरल्यास सहावी मात्रा सहज मिळे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती वापरण्यास अनुमती दिली. जानेवारी २०२१ मध्ये यूरोपातही तशी मान्यता मिळाली. मात्र त्यानंतर कंपनीने पुरवठा कुप्यांऐवजी सहा मात्रांच्या हिशेबाने मोजण्यास प्रारंभ केला. ज्या केंद्रांकडे योग्य पिचकाऱ्या नव्हत्या, त्यांना कुपीमागे एक मात्रा कमी पडू लागली. काल जे उरलेले मानले जात होते, ते आज हक्काचे आणि मोजदादीचे झाले.

अमेरिकेत नियमांच्या कडकपणाचे विपरीत परिणाम दिसले. न्यूयॉर्क राज्यात क्रम मोडून लस दिल्यास दहा लाख डॉलरपर्यंत दंडाचा इशारा देण्यात आला आणि आलेली लस वेळेत न वापरल्यासही दंड होता. अशा कात्रीत सापडलेल्या काही केंद्रांनी उरलेल्या मात्रा फेकून देणेच पसंत केले. पुढे नियम सैल करण्यात आले. टेक्सस राज्यात २९ डिसेंबर २०२० रोजी सत्र संपता संपता उघडलेल्या एका कुपीत दहा मात्रा उरल्या. तेथील डॉक्टरने उपस्थित कर्मचाऱ्यांना विचारून नंतर ओळखीपाळखीतून वृद्ध व आजारी माणसे शोधली आणि मुदत संपण्यास काही मिनिटे उरली असता अखेरची मात्रा आपल्या आजारी पत्नीस दिली. त्यास नोकरीतून काढण्यात आले व त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये न्यायाधीशाने तो फेटाळला आणि जूनमध्ये ज्यूरीनेही खटला भरण्यास नकार दिला. एकही मात्रा वाया गेली नव्हती. तरीही ‘कोणास द्यावे’ याची लेखी व्यवस्था नसल्याने प्रामाणिकपणासही संशयाची झळ लागली.

याउलट काही प्रसंगी प्रसंगावधानाचे सर्वत्र कौतुक झाले. ४ जानेवारी २०२१ रोजी कॅलिफोर्नियातील युकाया येथे शीतकपाट बंद पडल्याने सु. ८३० मात्रा जेमतेम दोन तासांत संपवाव्या लागल्या. आरोग्यसेवक, वृद्धाश्रम व अखेर येईल त्या नागरिकास त्या देण्यात आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस ऑरेगन राज्यात बर्फामुळे अडकून पडलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी शिल्लक सहा मात्रा रस्त्यावर खोळंबलेल्या मोटारींतील प्रवाशांना दिल्या. या प्रसंगांत लाभ घेणारा व देणारा यांच्यात पूर्वीचा कोणताही संबंध नव्हता. म्हणून लोकांना त्यांत अन्याय दिसला नाही. जर्मनीत मात्र हाले शहराच्या महापौरांनी जानेवारी २०२१ मध्ये आपला क्रम नसताना लस घेतली, तेव्हा ती उरलेली मात्रा होती व निवड यादृच्छिकपणे झाली होती, हा त्यांचा खुलासा लोकांना पटला नाही आणि त्यांना पदावरून तात्पुरते दूर करण्यात आले. मात्रा उरलेली असणे एवढ्यानेच तिचे वाटप न्याय्य ठरत नाही, हे येथे स्पष्ट झाले.

उपायही निरनिराळे योजले गेले. इझ्राएलमध्ये दिवसाअखेरीस उरलेली लस वयाचा विचार न करता उपस्थितांना देण्यात येई आणि तरुण लोक केंद्राबाहेर वाट पाहत थांबत. ही रीत वेगवान होती. पण ज्याला वेळ आहे व जो केंद्राजवळ राहतो, त्याच्याच ती पथ्यावर पडे. दक्षिण कोरियात २७ मे २०२१ पासून जवळच्या दवाखान्यात उरलेल्या मात्रांची माहिती दूरध्वनीवर मिळण्याची व तेथेच त्या राखून ठेवण्याची सोय करण्यात आली. तीत ओळखीला वाव नव्हता. परंतु अशी साधने सफाईने हाताळणाऱ्यांना ती अधिक अनुकूल होती, हेही खरे.

भारतातील अनुभव : भारतात कोविड-१९ चे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. प्रथम आरोग्यसेवकांचा, नंतर आघाडीवरील कर्मचाऱ्यांचा, १ मार्चपासून ६० वर्षांवरील व ४५ वर्षांवरील सहव्याधिग्रस्तांचा, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांचा आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांचा असा क्रम होता. देशात प्रामुख्याने वापरली गेलेली कोविशील्ड ही लस पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत तयार होत असून तिच्या एका कुपीत दहा मात्रा असत. पहिल्या दिवसांत नोंदणी झालेले अनेक आरोग्यसेवक केंद्रावर आले नाहीत आणि संगणकीय यादीबाहेरील व्यक्तीस लस देता येत नसल्याने मात्रा वाया गेल्या. त्यानंतर यादीत आयत्या वेळी भर घालण्याची सोय करण्यात आली.

नियोजनात प्रारंभी शेकडा दहा नासाडी गृहीत धरली होती. म्हणजे १०० जणांसाठी १११ मात्रा पाठवावयाच्या. मार्च २०२१ मध्ये देशातील सरासरी नासाडी शेकडा ६·५ असल्याचे सांगण्यात आले. तेलंगणात ती १७·६ व आंध्र प्रदेशात ११·६ होती. पुढे ती शेकडा एकच्या आत ठेवावी, असे राज्यांना सुचविण्यात आले. याउलट केरळ राज्याने मे २०२१ च्या प्रारंभी आपणास मिळालेल्या ७३,३८,८०६ मात्रांतून ७४,२६,१६४ मात्रा दिल्याचे जाहीर केले. प्रत्येक कुपीत असलेला जादा अंश कुशल परिचारिकांनी वाया जाऊ न दिल्याने हे शक्य झाले. या परिचारिकांचे देशभर कौतुक झाले.

२४ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने १८ ते ४४ वयोगटासाठी शासकीय केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्यास अनुमती दिली. नोंदणी केलेले लोक न आल्यास दिवसाअखेरीस मात्रा शिल्लक राहतात आणि ज्यांच्यापाशी संगणक वा स्मार्टफोन नाही, अशांनाही लस मिळाली पाहिजे, ही दोन कारणे त्यामागे होती. उर्वरित मात्रांचा वापर व वंचितांचा समावेश ही दोन उद्दिष्टे एकाच निर्णयात साधता येतात, हे यावरून दिसते. जून २०२१ मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांत राज्यांना लस देताना लोकसंख्या, रोगाचा प्रादुर्भाव व लसीकरणाची प्रगती यांचा विचार होईल आणि नासाडी अधिक असल्यास वाटपावर प्रतिकूल परिणाम होईल, असे म्हटले होते. नासाडी मोजण्याची रीत मात्र वादातीत नव्हती. झारखंडमध्ये शेकडा ३७·३ व छत्तीसगढमध्ये शेकडा ३०·२ लस वाया गेल्याचे मेअखेरीस सांगण्यात आले, ते दोन्ही राज्यांनी नाकारले. ज्या आकड्यावरून पुढचा पुरवठा ठरावयाचा, तो आकडाच विवाद्य असेल, तर त्याची शिक्षा अखेर त्या राज्यातील रांगेत उभ्या असलेल्या नागरिकास होते.

राष्ट्रांमधील उर्वरित मात्रा : केंद्रावर जे घडले, तेच मोठ्या प्रमाणावर राष्ट्रांमध्येही घडले. संपन्न देशांनी गरजेपेक्षा अधिक लस मागवून ठेवली आणि मुदत संपत आल्यावर तिचा काही भाग दरिद्री देशांना दिला. मे २०२१ मध्ये मालावीने मुदत संपलेल्या १९,६१० मात्रा जाळून नष्ट केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये नायजेरियाने दहा लाखांहून अधिक मात्रा नष्ट केल्या. दान मिळालेली लस केवळ काही आठवड्यांची मुदत उरलेली असता पोहोचली, तर वाहतूक, प्रशिक्षण व लोकांचे मन वळविणे यांस अवसरच राहत नाही. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये आफ्रिकेतील व जागतिक आरोग्यसंस्थांनी संयुक्त निवेदन काढून दान केलेल्या लसीची किमान दहा आठवडे मुदत शिल्लक असावी, अशी मागणी केली. उरलेले देणे व वेळेवर वाटा देणे यांत मोठे अंतर आहे, हे या घटनांनी दाखवून दिले.

न्याय्य विनियोगाची तत्त्वे : जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये लसवाटपासाठी मानवी कल्याण, समान आदर, जागतिक समता, राष्ट्रांतर्गत समता, परतफेडीचे कर्तव्य व निर्णयप्रक्रियेची वैधता ही तत्त्वे मांडली. वर वर्णिलेल्या इतिहासातून उर्वरित मात्रांपुरते काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, सुरक्षित मुदतीत असलेली मात्रा फेकून देणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. प्राधान्यक्रमात खाली असलेल्या व्यक्तीस ती दिल्याने वरच्या व्यक्तीचे काही हिरावले जात नाही, कारण ती मात्रा तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नव्हती. दुसरा, हा युक्तिवाद तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा मात्रा खरोखर उरलेली असते. ओळखीच्या माणसासाठी सायंकाळी मुद्दाम नवी कुपी उघडणे, हे उरलेल्याचे वाटप नव्हे. म्हणून अखेरच्या तासात कुपी उघडण्यापूर्वी किती माणसे उपस्थित आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते. तिसरा, पर्यायी नावांची यादी सकाळीच तयार असावी व तीत त्याच गटातील पुढचे लोक प्रथम असावेत. त्यानंतर जवळच्या वस्तीतील वृद्ध, अपंग, घरकामगार, फिरस्ते यांसारखे जे एरवी यादीत येत नाहीत, त्यांना स्थान द्यावे. सर्वांची गरज समान असेल, तेथे सोडत हा प्रामाणिक मार्ग आहे. चौथा, निवड करणाऱ्याने स्वतःच्या नातलगांची निवड करू नये. तशी वेळ आलीच, तर ती दुसऱ्याने करावी व नोंदवावी. पाचवा, नोंद उघड असावी, परंतु प्रामाणिक चुकीसाठी कर्मचाऱ्यास दंड होऊ नये. कारण दंडाच्या भीतीने कुपी बंद राहते किंवा कचऱ्यात जाते.

एकूण लसीकरणाच्या तुलनेत उर्वरित मात्रांची संख्या नेहमीच अल्प असते आणि त्यांच्या वाटपाने साथीचा मार्ग बदलत नाही. तथापि सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था लोकांच्या विश्वासावर चालते. हजारो मात्रा नियमाने दिल्या गेल्या, तरी एक मात्रा मागल्या दाराने गेल्याची वार्ता तो विश्वास ढासळविण्यास पुरेशी होते. उलट दिवस मावळताना एखादी परिचारिका जवळच्या वस्तीत जाऊन यादीतील पुढच्या वृद्धेस केंद्रावर घेऊन येते, तेव्हा त्या मात्रेबरोबर व्यवस्थेवरील विश्वासही त्या घरात पोहोचतो. बाहूतून बाहूत जाणाऱ्या लसीच्या काळापासून आजवर तंत्र पुष्कळ बदलले. परंतु लस अपुरी असताना ती कोणाच्या वाट्यास येते, यावरून समाजाचा न्याय ओळखला जातो, ही गोष्ट बदललेली नाही.